घुमटावरच्या अंगठ्याच्या ठशाबद्दल

नमस्कार सर,

नेरळ-माथेरानच्या वाफेच्या इंजिनाचं आमचं मॉडेल तुम्ही जूनमध्ये रत्नागिरीला नेलंत. दिवाळीच्या आत बॉयलरवरचा पितळी घुमट आणि शिट्टी काळवंडली. "कायम चकाकी म्हणून सांगितलं आणि फसवलं" असं लिहून तुम्ही एक तारा दिलात. तुमचा राग रास्त आहे.

फोटो मोठा करून पाहिला. घुमटाच्या डाव्या अंगाला जो तपकिरी डाग आहे, त्यात अंगठ्याच्या रेषा दिसतात. तो ठसा आमच्या वर्कशॉपमधलाच. पॉलिश झालेलं पितळ हातमोज्यांनीच धरायचं, ॲसिटोनने पुसायचं आणि मगच लॅकर (चकाकी टिकवणारा पारदर्शक लेप) मारायचं, असा आमचा नियम. इथे कुणीतरी उघड्या हाताने धरलं. घामातलं मीठ लॅकरखाली कोंडलं आणि आतून पितळ खात राहिलं. असा डाग वरून कितीही पुसला तरी जात नाही.

शिट्टीचं वेगळं आहे. खंडेनवमीला बाबांनी ती चिंच-मिठाने उजळली, असं तुम्ही लिहिलंय. समईला चिंच उत्तमच, ती खळखळून धुता येते. इथे लॅकरचा थर केसाहून पातळ. मिठाच्या कणांनी तो ओरखडला, सांध्यात मीठ अडकलं आणि कडेला हिरवा कळक धरला. पण आमच्या खोक्यात सूचनांचा कागदच नव्हता, मग बाबांना कळणार कसं? त्यांना कृपया बोल लावू नका. आवडत्या इंजिनाची त्यांनी पूजाच केली.

आणखी एक. चाकांखाली आम्ही दिलेली काळी रबरी पट्टी आजच काढा. रबरात गंधक असतं आणि बंद काचपेटीत त्यानेही पितळ काळं पडतं. त्याऐवजी पांढरं सुती कापड घाला, कोपऱ्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा.

"कायम" हा शब्द आमच्या माणसाने वापरायला नको होता. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत चांगलं लॅकरही कधीतरी उतरतं, मग ते काढून नव्याने मारावं लागतं.

इंजिन आमच्या खर्चाने परत मागवतो. जुनं लॅकर पूर्ण उतरवून घुमट, शिट्टी आणि हँडरेल पुन्हा पॉलिश करू, बेंझोट्रायझोल (पितळ काळवंडण्यापासून जपणारं रसायन) असलेलं लॅकर मारू आणि लॅकर मारण्याआधीचे फोटो तुम्हाला पाठवू. त्यानंतरही पैसेच परत हवे असतील तर तसं सांगा, देऊ. कुरियरवाला कोणत्या दिवशी पाठवू?