पाठ दुखेपर्यंत ताणायची कशासाठी?

‘उशा-लोड घेऊन पडून राहणे हा योग नव्हे, पाठ मोकळी व्हायची तर दुखेपर्यंत ताणा, सकाळी उठल्याउठल्या वाकून अंगठे धरा, कट असा आवाज आला की मणका जागेवर बसला असे समजा, आणि शवासनात विचार आले तर सारे फुकट,’ अशा आशयाचा संदेश सध्या घरोघरी फिरतो आहे. पाठदुखीने बेजार झालेली माणसे तो मनावर घेतात, याची मला काळजी वाटते.

योगसूत्रे रचणाऱ्या पतंजलींनी ‘स्थिरसुखमासनम्’, म्हणजे स्थिर आणि सुखकर ते आसन, अशी आसनाची व्याख्या केली आणि पुढच्याच सूत्रात ते साधण्याचा उपाय म्हणून ‘प्रयत्नशैथिल्य’, म्हणजे प्रयत्नातला ताण सैल सोडणे, सांगितले. हठप्रदीपिका या हठयोगावरच्या जुन्या ग्रंथाने शवासनाला श्रम हरणारे आणि चित्ताला विश्रांती देणारे म्हटले आहे. लोड, पट्टे आणि खुर्च्या यांचा आधार तर बी. के. एस. अय्यंगारांनी पुण्यातच रुजवला. शिस्तीत अत्यंत कठोर असलेल्या या गुरूंनी आजारी आणि वयस्क साधकांसाठी आधाराची आसने बसवली, त्यांना आळस म्हणण्याचे धाडस मी तरी करणार नाही.

दुखेपर्यंत ताणण्याचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो, कारण वेदना झाली की भोवतीचे स्नायू तो भाग वाचवण्यासाठी आखडतात आणि हवी होती ती मोकळीक हातची जाते. त्याऐवजी खांद्याच्या पात्यांखाली घडी घातलेली चादर आडवी ठेवून, डोक्याला उशी घेऊन पाच मिनिटे निजले, तर दिवसभर पुढे झुकलेली वरची पाठ स्वतःच्या वजनानेच हळूहळू उलगडते. पाठीला पीळ देतानाही हेच लक्षात ठेवावे. कमरेचे 5 मणके फारच थोडे वळतात, वळण मुख्यतः छातीच्या 12 मणक्यांत होते. म्हणून गुडघा जमिनीला टेकवण्याच्या हट्टापायी कमरेवर जोर देण्यापेक्षा गुडघ्याखाली उशी सरकवणे शहाणपणाचे.

मणक्यांमधल्या चकत्या रात्रभर पाणी शोषून फुगतात, त्यामुळे सकाळी उंचीही सुमारे सेंटीमीटरभर जास्त भरते आणि अशा वेळी वाकल्यास चकत्यांवरचा ताण वाढतो. वाकण्याची आसने तासाभराने करावीत. कट असा आवाज सांध्यातील द्रवात वायूची पोकळी झाल्याने येतो. त्याचा मणका ‘बसण्या’शी संबंध नाही.

विचारांबद्दल म्हणाल, तर भिंतीला पाय टेकवून, दिवा मंद करून, उच्छ्वास लांबवत पडले असता दिवसभरात आपण बोललेला एखादा कडवट शब्द आठवला, तर त्याने साधना वाया जात नाही. धावपळीत ज्याच्याकडे पाहायला सवड झाली नाही, ते अशा वेळीच वर येते आणि त्याच्याकडे न चिडता पाहता येते.

संदेशात एका शब्दानेही न आलेली गोष्ट अशी की, हाडे ठिसूळ झालेल्यांनी पुढे वाकण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. आणि पाय बधिर होत असतील किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर आसने तिथेच थांबवून तत्काळ रुग्णालय गाठावे.