फ्री म्हणता ना, मग फ्री द्या की

मुलांच्या अभ्यासाच्या नावाखाली जे काही "फ्री फ्री फ्री" म्हणून नेटवर पसरवून ठेवलंय ना, त्याचा मला आता भयंकर संताप येतो. पैसे हवेत तर सरळ सांगा ना, महिन्याला एवढे, घ्या नाहीतर सोडा, आम्ही बघू आम्हाला परवडतंय का ते. पण नाही. ॲपच्या वरती मोठ्या रंगीत अक्षरात फ्री लिहायचं, हत्ती माकडाची चित्रं लावायची, पहिल्या दोन लेव्हल खेळू द्यायच्या आणि तिसरीला कुलूप. आणि ते कुलूप दिसणार कोणाला, तर दुसरीतल्या पोरीला, जिला आत्ता कुठे हातच्याची बेरीज जमायला लागलीये आणि त्यात मजा यायला लागलीये. ती रडत आईकडेच येणार हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, म्हणून तर कुलूप बरोब्बर तिथे लावलेलं असतं.

आणि जाहिराती! बेरजेच्या दोन गणितांमध्ये जाहिरात, पाढ्याच्या मध्ये जाहिरात, आणि ती बंद करायची फुली एवढीशी, कोपऱ्यात, करड्यावर करडी, मला चष्मा लावून दिसत नाही तर पोरीला काय दिसणार. बोट जरा इकडचं तिकडे झालं की थेट दुसरं कुठलंतरी ॲप उतरवायचं पान उघडतं. बरं जाहिराती कसल्या, तर झटपट कर्ज, गोरं करणारं क्रीम, कुणीतरी कुणाला तरी थोबाडीत मारतंय असली ती सिरीयलवाली ॲप्स. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर कायद्याने बंदी आली, त्याच्याआधी तर रमीच्या जाहिराती यायच्या. अक्षरओळखीच्या गेममध्ये रमी! माझ्या पोरीने मला विचारलं होतं की आई, रमी म्हणजे काय गं. हे शिकवलंत तुम्ही तिला.

वर्कशीटवाल्या साइट तर वेगळीच तऱ्हा. "मराठी बाराखडी सराव पीडीएफ मोफत" असं शोधलं की ढिगाने लिंका येतात. उघडावं तर पानावर चार हिरवी डाउनलोडची बटणं, त्यातली तीन जाहिरातींची. खरं कुठलं ते हुडकून दाबलं की आधी लॉगिन करा, मग मोबाईल नंबर टाका, मग ओटीपी, मग मुलाचं नाव, इयत्ता, शाळा, गाव. कशाला? एका कागदावर क का कि की छापायला माझ्या मुलीची शाळा कोणती हे कशाला पाहिजे तुम्हाला? एवढं सगळं करून हातात काय पडतं तर पाठ्यपुस्तकाचंच पान, वरून यांचा वॉटरमार्क आडवा मारलेला. अहो ते पुस्तक बालभारतीच्या साइटवर अख्खंच्या अख्खं फुकट मिळतं, कुणाचा नंबर न घेता.

नंबर दिला की संपलंच. दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू. "मॅडम, आपल्या मुलीची फ्री डेमो टेस्ट झाली, तिचं पोटेन्शियल खूप आहे पण बेसिक कच्चं आहे." कच्चं आहे? दुसरीत आहे ती! तिने एक गेम अर्धा खेळून सोडून दिला, त्यावरून तुम्ही मला तिचं भविष्य सांगताय? आणि सूर असा लावतात की आत्ता चाळीस हजारांचा कोर्स नाही घेतला तर आपणच आपल्या लेकराचं नुकसान करतोय. माझ्या नणंदेच्या शेजारी एक बाई आहेत, शिवणकाम करून घर चालवतात, त्यांना असल्याच फोनवाल्यांनी हप्त्यावर कोर्स गळ्यात मारला, आता पोरगा ते उघडत नाही आणि हप्ता काही चुकत नाही. या माणसांना रात्री झोप कशी लागते मला खरंच कळत नाही.

आणि ते "सात दिवस फ्री ट्रायल"! फ्री आहे तर यूपीआय ऑटोपे आधीच कशाला चालू करून घेता? आठव्या दिवशी वर्षाचे पैसे गुपचूप जातात, आणि बंद करायचं बटण सेटिंगच्या आत, त्याच्या आत, त्याच्याही आत, तिथे लिहिलेलं असतं की ईमेल करा. चालू करायला एक टिचकी आणि बंद करायला ईमेल. "नको" म्हणायचं बटणसुद्धा साधं नसतं, त्यावर लिहिलेलं असतं "नाही, मला माझ्या मुलाची प्रगती नकोय". हे असलं सगळं करायला आपल्याकडे मनाई आहे बरं का, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या डिझाइनचे तेरा प्रकार नावानिशी सांगितलेत, त्यात ही सबस्क्रिप्शनची फास, लाज वाटेल असं लिहून हो म्हणायला लावणं, जाहिरात लपवून बटणासारखी दाखवणं, सारखं सारखं तेच विचारून भंडावणं, सगळं आहे. मुलांच्या ॲपवर हे तेराच्या तेरा बघायला मिळतील एखाद्या दिवशी.

मोठ्यांसाठी म्हणून एक दरवाजा ठेवतात ना, पैसे भरायच्या पानाआधी, "हे फक्त पालकांसाठी, ४ गुणिले ३ किती?" अरे तुमच्याच ॲपवर पोरगी पाढे शिकतीये! ती बारा टाकून गेली आत. पालकांची परवानगी म्हणजे चारचा पाढा, हे कुणाच्या डोक्यातून निघालं असेल, आणि निघाल्यावर ऑफिसात बसलेल्या एकालाही वाटलं नाही की हे काय करतोय आपण?

आता मराठीचं बोलते, कारण खरी तिडीक मला तिथे जाते. भाषांच्या यादीत मराठी असते, मोठ्या कौतुकाने लिहिलेलं असतं, बारा भारतीय भाषांमध्ये वगैरे. निवडली की फक्त "सुरू करा" आणि "पुढे" ही दोन बटणं मराठीत, बाकी आतला आवाज हिंदी नाहीतर त्या मशीनचा. आकडे म्हणतंय "उनतीस, तीस, इकतीस". शाळेत बाई एकोणतीस एकोणचाळीस घोटून घेतायत, आधीच मुलांचा त्यात गोंधळ होतो, २०१९ ला दुसरीच्याच गणिताच्या पुस्तकात तेवीसच्या जागी वीस तीन म्हणायचं आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता महाराष्ट्रात, विधानसभेपर्यंत गेलं प्रकरण. आणि इथे घराघरात पोरं उनतीस शिकतायत, त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही.

अक्षरं तर बघवत नाहीत. हिंदीचा तक्ता घेतलाय आणि खालचे शब्द तेवढे बदललेत. ख ला सशाचं चित्र, कारण हिंदीत खरगोश, आणि खाली मराठीत लिहिलंय ससा! ख ससा! औ ला बाईचं चित्र, कारण हिंदीत औरत, आणि खाली बाई. ठ ला ठठेरा, म्हणजे आपला तांबट, तसाच ठेवलाय, मराठी पोराला ठठेरा म्हणजे काय ते कोण सांगणार? ळ गायबच, कारण त्या तक्त्यात तो नव्हताच. बाळ, शाळा, फळा, केळं, सकाळ, दिवाळी, पोराच्या तोंडातला दर तिसरा शब्द ळ चा, आणि मराठी शिकवायच्या ॲपमध्ये ळ नाही. ज्ञ ला "ग्य" म्हणतात. चाकाचा च आणि चिमणीचा च वेगळा उच्चारायचा असतो हे रेकॉर्ड करणाऱ्याला माहीतच नाही. एक मराठी माणूस, एक, कुठल्याही जिल्हा परिषद शाळेतली पहिलीच्या वर्गाची बाई अर्धा तास बसवली असती तर हे सगळं तिने दुरुस्त करून दिलं असतं. अर्धा तासही नाही आमच्या भाषेसाठी. पण यादीत नाव पाहिजे, कारण यादीत मराठी असली की महाराष्ट्रातली डाउनलोडं मिळतात.

शिकवण्याचंही तेच. चार पर्याय, चुकीचं दाबलं की "टॅंव", परत दाब, परत दाब, चौथ्यांदा बरोबर येणारच, आला स्टार, उडाले फुगे. का चुकलं ते सांगायचं नाव नाही. माझ्या पोरीने एकही गणित न वाचता नुसतं टकाटका दाबून पन्नास स्टार मिळवले आणि मला दाखवायला आली, केवढी खूष होती. काय बोलणार तिला? आणि ॲप बंद करायला गेलं की तो कार्टूनचा अस्वल रडायला लागतो, "मला सोडून चाललीस?" लहान मूल आहे ते, त्याला खरंच वाईट वाटतं. जेवायला बोलावलं तर येईना, अस्वल रडतोय म्हणे.

आणि कुणी म्हणायला येऊ नका की फुकटात असंच मिळणार. खोटं आहे ते. जीकॉम्प्री बघा, २००० सालापासून आहे, शंभराच्या वर खेळ, दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी, एकदा उतरवलं की नेटसुद्धा लागत नाही, जाहिरात नाही, कुलूप नाही, लॉगिन नाही. कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट, नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी २००२ ला सुरू केलेलं, त्यातले विज्ञान गणिताचे प्रयोग मराठीत सुद्धा उघडतात, अपूर्णांक म्हणजे काय ते तिथे तुकडे करून दिसतात, मोठ्या मुलांसाठी तर सोनं आहे. खान अकॅडमी किड्स इंग्रजीत आहे पण २०१८ पासून एकही जाहिरात नाही. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर, २०१५ पासून, ढीगभर मराठी गोष्टी, वाचा, छापा, वाटा, कुणी अडवत नाही. बालभारतीचं किशोर मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक फुकट वाचायला ठेवलेत. अरविंद गुप्तांची साइट, काडेपेटी, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, जुनी वर्तमानपत्रं यातून खेळणी कशी करायची, मराठीतून सुद्धा व्हिडिओ आहेत, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत बसून त्या माणसाने वर्षानुवर्षं हे केलं आणि सगळं उघडं ठेवलं. म्हणजे करता येतं ना! मग?

पण सर्चला टाका, यातलं काय वर येतं सांगा. वर येतात ते पैसे भरून आलेले. त्याच्या खाली ती चार हिरव्या बटणांवाली साइट. त्याच्या खाली जुन्या फ्लॅशवाल्या गेम्सच्या लिंका, ते गेम चालवणारं फ्लॅश नावाचं सॉफ्टवेअर २०२० च्या डिसेंबरला बंद झालं, उघडलं की नुसता करडा चौकोन, तरी शाळेच्या ग्रुपवर लॉकडाऊनपासून तीच यादी फिरतीये. ज्यांनी मुलांसाठी मनापासून काम केलं त्यांच्याकडे जाहिरातीला पैसे नाहीत, म्हणून ते कुणाला दिसतच नाहीत, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. मला स्वतःला किशोरचे अंक नेटवर आहेत हे एका ग्रंथपाल बाईंनी सांगितलं तेव्हा कळलं.

कायदा आहे म्हणतात. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ ला झाला, त्यात अठरा वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवायला, त्यांच्यावर नेम धरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. नियम निघायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि कंपन्यांना वर दीड वर्षाची मुदत. दीड वर्षात माझी पोरगी चौथीला पोचेल. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्कांच्या संस्थेने २०२२ मध्ये ४९ देशांमधली शिक्षणाची ॲप्स आणि साइट तपासल्या तेव्हा त्यातल्या ८९ टक्के मुलांची माहिती धोक्यात घालताना, नाहीतर त्यांच्या हक्कांवर गदा आणताना सापडल्या होत्या, लॉकडाऊनमध्ये सरकारांनीच सुचवलेल्या होत्या त्या. म्हणजे हे कुणाला माहीत नाही असं नाहीच.

आणि आता खाली कुणीतरी येऊन लिहिणारच, "मग मुलांना मोबाईल देऊच नका ना". अहो दादा, गृहपाठ व्हॉट्सॲपवर येतो. चाचणीची लिंक व्हॉट्सॲपवर येते. "पालकांनी खालील ॲपवर रोज वीस मिनिटे सराव करून घ्यावा आणि स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकावा" हा मेसेज शाळेतून येतो, आणि ते ॲप तेच असतं, अस्वलवालं. मोबाईल मी दिला नाही, मला द्यायला लावलाय. तेव्हा मला सांगण्यापेक्षा तुमच्या मुलांच्या शाळेत जा आणि विचारा की ही लिंक पाठवायच्या आधी तुमच्यापैकी कुणी ती उघडून तिसऱ्या लेव्हलपर्यंत खेळून बघितली होती का. मी सोमवारी जाऊन विचारणार आहे.