फरक केवळ एका जादा ग्रंथाचा नाही

‘मॉर्मन म्हणजे बायबलच्या जोडीला आणखी एक धर्मग्रंथ मानणारे ख्रिस्ती’ हे लेखातील विधान मला पटले नाही. १८३० साली छापलेल्या ‘बुक ऑफ मॉर्मन’ या त्या जादा ग्रंथापेक्षा पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांच्या नंतरच्या शिकवणीत खरी फारकत आहे. इ.स. ३२५ मध्ये नायसियाच्या धर्मपरिषदेने पिता (देव) आणि पुत्र (येशू) एकाच तत्त्वाचे असल्याचे ठरवले आणि कॅथलिक, ऑर्थोडॉक्स व बहुतेक प्रॉटेस्टंट आजही तेच मानतात. मॉर्मन मताप्रमाणे मात्र पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन स्वतंत्र व्यक्ती असून पित्याला मांस आणि अस्थींचे शरीर आहे. म्हणूनच प्रॉटेस्टंटांचा बाप्तिस्मा सहसा ग्राह्य धरणाऱ्या व्हॅटिकनने २००१ मध्ये मॉर्मन बाप्तिस्मा अग्राह्य ठरवला, आणि तोही विधीतले शब्द जवळजवळ सारखेच असताना.

अमेरिकेतल्या यूटा राज्यात नोकरीनिमित्त राहत असताना मॉर्मन शेजाऱ्यांच्या आग्रहावरून मी एका रविवारी त्यांच्या उपासनेला गेलो होतो. भिंतीवर क्रूस नव्हता, आणि पावाच्या तुकड्यानंतर द्राक्षारसाऐवजी घोटभर पाण्याचे इवलेसे पेले तबकातून फिरवले गेले. तबक धरणारी मुले जेमतेम बारा-तेरा वर्षांची होती. ‘तुम्ही स्वतःला ख्रिस्ती म्हणवता का?’ या माझ्या (काहीशा आगाऊ) प्रश्नाने शेजारी दुखावले आणि त्यांनी दारावरच्या पाटीकडे बोट दाखवले, कारण त्यांच्या चर्चच्या अधिकृत नावातच येशू ख्रिस्त आहे.