उणे पाच

काल रात्री साडेआठला, माझ्याच घरात, माझ्याच मुलीसमोर, कपडे द्यायला आलेल्या इस्त्रीवाल्या काकांनी माझं गणित तपासलं. अजून डोक्यातून जात नाहीये.

गणित सातवीचं. −३क्ष + ७ = −८. मी बी.कॉम., टॅली कोळून प्यायलेला माणूस. सात पलीकडे नेले. बाजू बदलली की चिन्ह बदलतं! (महाराष्ट्रात हा नियम आता फक्त वहीपुरता उरलाय, इथे बाजू बदलणारे चिन्हही सोबत घेऊन जातात.) उणे पंधरा आले. तीनने भागलं. उणे पाच. खाली दोन रेघा ओढल्या.

"बाबा, ताळा जमत नाहीये. उणे तीन गुणिले उणे पाच, पंधरा. अधिक सात, बावीस. हवेत उणे आठ."

"छापताना चुकलं असेल."

दारात शर्ट मोजणारे काका थांबले. "अकरा, बारा... साहेब, पाच येतात. साधे पाच."

मी समजूतदार हसलो. "काका, ते उणेचं गणित आहे."

"उणे दोन्हीकडं आहे ना? मग त्याचं काय घेऊन बसलाय?" गठ्ठा सोफ्यावर ठेवून ते मुलीकडे वळले. "हे बघ ताई. तुझ्या पप्पांनी तीन खेपा पैसे दिले नाहीत. तीन खेपा उधार. पंधरा रुपये, तेपण उधार. एका खेपेचा भाव काय?"

"पाच!"

"भाव कधी उणे असतो का?"

मुलगी टाळ्या वाजवायचीच बाकी होती.

"पंधरा आपले उदाहरणाला," खिशातली डायरी काढत काका म्हणाले. "खरे एकशे चौसष्ट झालेत."

नंतर मोबाईलवर पाहिलं, तर ब्रह्मगुप्तानेही ६२८ साली हेच सांगून ठेवलेलं. अधिक म्हणजे धन, उणे म्हणजे ऋण, आणि ऋणाला ऋणाने भागलं की धन. आमच्या सरांनी मात्र "उणे-उणे अधिक, पाठ करा" एवढंच सांगितलं. "का?" विचारलं म्हणून मला तासभर बाकावर उभं केलं होतं. एक उधारीचं उदाहरण द्यायला काय जात होतं? तीस वर्षं मी तो नियम मंत्रासारखा पुटपुटतोय. गृहकर्जाचे हप्ते भरायला पर्सनल लोन काढूनसुद्धा पाहिलं. दोन ऋणं एकत्र आली, धन काही झालं नाही. तेव्हा कुणी ताळा करायला आलं नाही.

मुलगी पुढचं उदाहरण घेऊन उठली ती थेट दाराकडे.

"उद्या बघू हां ताई. चौथ्या मजल्यावर साड्या पोचवायच्यात."

मी तोऱ्यात दोनशेची नोट पुढे केली. काकांकडे सुटे नव्हते. "राहू दे, पुढच्या वेळी वळते करू," म्हणत त्यांनी डायरीत माझ्या नावापुढे ३६ लिहिले आणि त्याच्या अलीकडे एक छोटी आडवी रेघ मारली.

ती उणेची होती का, हे विचारायला तोंड उघडलं होतं. मुलगी बघत होती, म्हणून मिटलं.