दादर: जिना की ज्वारी?

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर रविवारी वाद पेटला तो आमच्या जळगावच्या भाऊमुळे. "दादर हे आमच्या ज्वारीचं नाव," तो ठासून म्हणाला. "रब्बीची, काळ्या रानातली. तिची भाकरी ठेच्याबरोबर खाऊन बघ. स्टेशनाला तिचंच नाव मिळालंय."

काका उसळले. "इथे काळी माती कुठे रे? इथे माडाच्या वाड्या नि भाताची खाचरं. दादर म्हणजे जिना. माहीमला जायची ही पायरी, म्हणून दादर, असं सांगतात. आमच्या कोकणातल्या घरात माळ्यावर जायला खडा लाकडी दादर होता, धरायला वरून सुंभाचा दोर. आजी ओरडायची, 'दादरावरनं धावू नको!'"

"आमच्या गुजरातीत पण जिन्याला दादरच म्हणतात, काका," मोटाभाई म्हणाले.

भाऊ हटेना. "एक शब्द दोन ठिकाणी असतो, मान्य. पण मग जिना दाखवा!"

तेव्हा मी मध्ये पडलो. मला काकांचं पटतं. जीआयपी (आजची मध्य रेल्वे) आणि बीबी अँड सीआय (आजची पश्चिम रेल्वे) या दोन वेगळ्या कंपन्यांचे रूळ इथे शेजारी आले. मध्य रेल्वेवर माटुंगा, तर पश्चिमेला माटुंगा रोड. परळच्या पुलापलीकडे एल्फिन्स्टन रोड, जे 2018 मध्ये प्रभादेवी झालं. दादर मात्र दोन्हीकडे दादरच, आणि दोघांना जोडतो तो पूल. सकाळी फुलांच्या टोपल्या डोक्यावर घेऊन बायका ज्या पायऱ्या चढतात, त्या मी रोज बघतो. ओल्या झेंडूचा वास त्या जिन्यालाच चिकटलाय. कल्याणहून येऊन इथे अंधेरीची गाडी पकडणारा माणूस हा दादर चढल्याशिवाय पुढे सरकत नाही.

"आणि फलाटांचं काय?" वहिनींनी विचारलं. "'एक नंबरवर भेट' म्हटलं की 'वेस्टर्नचा की सेंट्रलचा?' हे विचारावंच लागायचं."

तेही डिसेंबर 2023 मध्ये सुटलं. पश्चिमेचे 1 ते 7 तसेच राहिले, मध्यचे पुढे 8 ते 14 झाले. एका नावाच्या स्टेशनाला आकडेही एका ओळीत मिळाले, याचा मला मनापासून आनंद आहे. माझ्या आईची बोटं मात्र अजून जुन्याच नंबरांवर मोजतात.

भाऊ थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "नाव जिन्याचं असेल. पुढच्या रविवारी पीठ आणतो, भाकरी वहिनींनी थापायची."

काका लगेच म्हणाले, "ठेचा माझ्याकडे लागला."