१९७२ चा ताळेबंद

आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या दोन तट पडलेत. २०२७ च्या जनगणनेत जात विचारणार हे ठरल्यापासून पुण्याचा चुलतभाऊ म्हणतो, "विचारूच नका, आपोआप जाईल." त्यावर रत्नागिरीची आतेबहीण म्हणते, "१९३१ नंतर सगळ्यांची मोजलीच नाही. गेली का?"

मी ११ वर्षं मॉरिशसमध्ये हिशेब तपासतो. विचारणं बंद केल्यावर काय होतं, हे इथे बघायला मिळतं.

१९६८ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा राज्यघटनेनं माणसांचे चार कप्पे केले. हिंदू, मुसलमान, चिनी वंशाचे, आणि राहणीमानावरून या तिघांत न बसणारे सगळे 'सर्वसाधारण लोकसंख्या'. संसदेत ६२ जण थेट निवडून येतात. कुठला समाज मागे पडू नये म्हणून हरलेल्या उमेदवारांतून आणखी ८ जागांपर्यंत भरती होते. पुढे १९८२ मध्ये जनगणनेतून समाजाचा रकाना काढला. छान! पण त्या ८ जागांचं गणित चालू राहिलं, १९७२ च्या आकड्यांवर. असा जुना ताळेबंद कुणी माझ्यापुढे ठेवला तर मी सही करणार नाही.

उमेदवाराला मात्र अर्जात समाज लिहिणं सक्तीचं. 'रेझिस्तांस एक आल्तेर्नातिव' पक्षाच्या लोकांनी लिहायला नकार दिला, अर्ज बाद झाले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनं २०१२ मध्ये त्यांच्या बाजूनं मत दिलं. २०१४ च्या निवडणुकीपुरती सवलत मिळाली, २०१९ ला पुन्हा जैसे थे.

खरी मेख चौथ्या कप्प्यात आहे. ऊसमळ्यांचे मालक असलेली फ्रेंच वंशाची घराणी आणि १८३५ मध्ये मुक्त झालेल्या गुलामांचे वंशज क्रिओल, दोघं एकाच नावाखाली. एकाच्या अंगणात घोडा, दुसऱ्याच्या घरावर पत्रे, आणि सरासरी काढली की दोघंही 'सर्वसाधारण'. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया हा क्रिओल गायक पोलीस कोठडीत मेला, तेव्हा काही दिवस बेट पेटलं होतं. क्रिओल भाषा तर अख्खा देश बोलतो. ती प्राथमिक शाळेत विषय म्हणून आली २०१२ मध्ये. मराठीचा तास त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. गणेश चतुर्थीला इथे सार्वजनिक सुट्टी असते, तिचे फोटो मी दरवर्षी ग्रुपवर टाकतो आणि अंगठ्यांचा पाऊस पडतो. क्रिओलबद्दल एकदाच लिहिलं होतं. कुणी वाचलं असेल असं वाटत नाही.

म्हणून मी आतेबहिणीच्या बाजूचा. मोजा. पण रकाने कोण आखतंय तेही बघा, कारण 'इतर'मध्ये कुणाला कोंबलं यावर पुढचं सगळं ठरतं. घटनेच्या लेखी इथले मराठी हिंदूच. पण बाजारात 'हिंदू' म्हटलं की भोजपुरीवाले समजतात आणि आपले लोक स्वतःला 'मराठी' म्हणवतात. भाजीवालीनं पहिल्यांदा मला विचारलं, "कि नास्यों?" मी "इंडियन" म्हणालो. ती हसली. नास्यों म्हणजे राष्ट्र नव्हे. जात, जमात, कूळ, यातलं जे सांगाल ते.

शेजारच्या मराठी काकूंना परवा त्यांच्या खापरपणजोबांच्या नोंदीची प्रत मिळाली. मुंबई बंदरातून आलेल्या गिरमिट्याची, म्हणजे करारावर आणलेल्या मजुराची: नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण. बापाचं नाव पुढे आडनाव होऊन बसलं, खरं आडनाव काय होतं कुणालाच ठाऊक नाही. साहेबानं कानाला ऐकू आलं तसं गावाचं नाव इंग्रजीत लिहिलेलं. "बघ रे, हे तुमच्याकडचंच गाव ना?" मला दोन गावं सुचली, एक संगमेश्वराकडचं, एक साताऱ्याचं. तिकडे कुणबी नोंदींसाठी मोडीतली दप्तरं उपसणं चालू आहेच, तेव्हा आपल्यातल्या जाणकारांना कळेल म्हणून काकूंना विचारून फोटो ग्रुपवर टाकला. गावाचं नाव ओळखा, एवढंच लिहिलं.

पहिलं उत्तर पुण्याच्या चुलतभावाचं आलं. "जातीच्या रकान्यात काय आहे? नीट दिसत नाही. झूम करून पाठव."