चार दिवसांच्या उपशाने विहीर साफ होत नाही

पेट्रोलपंपालगतच्या विहिरीला किंवा बोअरला पेट्रोलचा वास येऊ लागला तर काय करावे, हे सांगणारा एक संदेश पुण्यातील सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. त्यातला मजकूर थोडक्यात असा: पेट्रोल पाण्यावर तरंगते, म्हणून चार दिवस सलग उपसा केला की विहीर साफ होते, पुण्याच्या काळ्या पाषाणातून ते खाली झिरपत नाही, त्यामुळे दोनशे फुटी बोअरला धोका नसतो, वास गेला की पाणी प्यायला हरकत नाही, शंका असल्यास उकळावे, आणि पंपाचा साठा रोज मोजला जात असल्याने गळती असती तर ती लगेच कळलीच असती. यातले एकही विधान पूर्णपणे निराधार नाही, आणि म्हणूनच ते पटकन पटते.

पेट्रोल तरंगते हे खरेच आहे. त्याची घनता पाण्याच्या सुमारे पाऊणपट असते. पारदर्शक बेलर, म्हणजे पाण्याचा नमुना काढायची नळी, निरीक्षण विहिरीत (भूजल तपासण्यासाठी घेतलेल्या बोअरमध्ये) सोडून सावकाश वर काढला, तर पाण्यावर पेट्रोलचा वेगळा थर उभा राहिलेला डोळ्यांना दिसतो. परंतु जमिनीखाली पाण्याचा मोकळा हौद नसतो. टाकीतून झिरपलेले पेट्रोल आधी मुरमाच्या कणांना आणि खडकाच्या भेगांना चिकटते, आणि विहिरीत दिसतो तो त्याचा ओघळून आलेला भाग असतो. शिवाय तरंगणाऱ्या थरातून बेन्झीन, टोल्युइन यांसारखे विषारी घटक पाण्यात विरघळत राहतात आणि पाण्याबरोबर पुढे जातात. आता आपल्याकडे मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल तर पाण्यात पूर्णच मिसळते, आणि जिवाणू ते आधी खात असल्याने त्यांच्या वाट्याचा प्राणवायू तिथेच संपून बेन्झीन अधिक काळ टिकते.

उपशाचा सल्ला यामुळेच नुसता निरुपयोगी नाही, तर नुकसान करणारा आहे. जोरात उपसा केला की पाण्याची पातळी खाली जाते, तिच्यामागोमाग पेट्रोलचा थरही उतरतो, आणि आजवर कोरा राहिलेला मुरूम व भेगा त्याने माखतात. पुढे पातळी वर आली की हे पेट्रोल पाण्याखाली अडकून पडते. वरचा थर दिसेनासा होतो, ‘साफ झाले’ असे सगळे समजतात, आणि अडकलेला साठा महिनोन्महिने पाण्यात विरघळत राहतो. सोसायटीने आपलीच बोअर दिवसरात्र चालवली, तर पंपाकडचे दूषित पाणी ती स्वतःकडे ओढून घेते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते व विहिरीत साचून राहते. तिथे साधा विजेचा पंप सोडणे हे आगीला आमंत्रण आहे, याचा त्या संदेशात उल्लेखही नाही.

काळ्या पाषाणाचा मुद्दा जरा सविस्तर पाहायला हवा, कारण तो ऐकायला शास्त्रीय वाटतो. अखंड बेसॉल्ट जवळजवळ अभेद्य असतो, यात वाद नाही. परंतु पुण्याखालचा खडक म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक पसरलेले थर आहेत. त्यांचा माथा सच्छिद्र किंवा झिजलेला असतो, मधल्या भागाला सांधे व भेगा असतात, आणि भूजल त्यांतूनच वाहते. तो अभेद्य असता, तर धायरी किंवा वाघोलीच्या बोअरला पाणी लागले असते कुठून? भेगांतून जाणारे दूषित पाणी वाळूत पसरते तसे सारखे पसरत नाही. शेजारच्या बोअरला वास नसतो आणि रस्त्यापलीकडच्या बोअरला येतो. त्यातच आपल्याकडे केसिंग पाइप सहसा वरच्या माती-मुरुमापुरताच घालतात. त्याखाली बोअर उघडीच असते, त्यामुळे वरच्या थरातले दूषित पाणी खालच्या थरात पोहोचायला ती आयती वाट होते.

वासाबद्दल दोन आकडे पुरेसे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातील बेन्झीनची मार्गदर्शक मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम ठेवली आहे, तर नुसत्या बेन्झीनचा वास पाण्याला यायला लिटरमागे काही मिलिग्रॅम, म्हणजे त्या मर्यादेच्या शेकडो पट प्रमाण लागते. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये बेन्झीन घनफळाने 1 टक्क्यापर्यंत चालते. तेवढे धरले, तर एक लिटर पेट्रोलमधले बेन्झीन त्या मर्यादेपर्यंत सौम्य करायला जवळजवळ 9 लाख लिटर, म्हणजे दहा हजारी नव्वद टँकर पाणी लागेल. उकळल्याने बेन्झीन पाण्यातून निघते खरे, पण ते स्वयंपाकघराच्या हवेत जाते, आणि आंघोळीचे पाणी कोणी उकळून निववून घेत नाही. सोसायट्या करून घेतात त्या नेहमीच्या पाणीतपासणीत बेन्झीन सहसा नसतेच. ते नाव घेऊनच मागावे लागते.

साठा रोज मोजतात, हेही खरे आहे. परंतु तापमान एका अंशाने बदलले तरी दहा हजार लिटर पेट्रोलचे घनफळ सुमारे दहा-बारा लिटरांनी बदलते. रोज दहा लिटरची गळती त्या चढउतारात सहज लपते, आणि वर्षाला ती 3,650 लिटर होते. म्हणून डिपरॉडवर, म्हणजे टाकीतला साठा मोजायच्या पट्टीवर, विसंबता येत नाही. टाकी आणि पाइपलाइन यांची दाबचाचणीच करावी लागते.

तपास तिथूनच सुरू होतो. गळती बंद केल्यावर, पाणी कोणत्या दिशेला वाहते हे कळण्यासाठी एका रेषेत नसलेल्या किमान तीन निरीक्षण विहिरी लागतात, आणि त्यांची जाळी (पाइपचा पाणी आत घेणारा सच्छिद्र भाग) पाण्याच्या पातळीच्या वरखाली दोन्हीकडे असावी लागते, नाहीतर तरंगणारे पेट्रोल आत येतच नाही. नमुना काचेच्या छोट्या बाटलीत, हवेचा एकही बुडबुडा न ठेवता भरतात आणि थंड ठेवून प्रयोगशाळेत नेतात. प्लॅस्टिकच्या बाटलीत अर्धी भरून नेलेल्या नमुन्याचा अहवाल खुशाल बाजूला ठेवावा. त्यानंतर तरंगणारा थर काढणे, मुरमातली वाफ शोषून घेणे, उपसलेले पाणी हवा खेळवून व कार्बनमधून गाळणे, हे सगळे येते आणि त्याला वर्षे लागू शकतात.

शेवटचा अहवाल मागताना तारीख पाहावी. सप्टेंबरात पाणी वर आलेले असते आणि पेट्रोल त्याखाली दडलेले असते. सोसायटीने मागायचा तो उपसा थांबवून काही महिने लोटल्यानंतरचा, मे महिन्यातला नमुना.